गाठीचा शोध : क्ष-किरणांपासून पेट स्कॅनपर्यंत



आपल्या मावळात पायाला काटा रुतून जखम चिघळली की जांघेत गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. जखम बरी झाली की अवधाण आपोआप ओसरते, आणि म्हणून तिचे कोणाला भय वाटत नाही. लहान मुलाच्या गळ्याला मात्र गाठींची माळ दिसली की घरातील वडील माणसे जरा गंभीर होतात, कारण गंडमाळ आणि क्षय यांचे नाते जुन्या पिढीला अनुभवाने ठाऊक होते. 'माधवनिदाना'त गंडमाला, अपची, ग्रंथी आणि अर्बुद यांचा विचार एकाच अध्यायात केलेला आहे. बाहेरून बोटांना लागणारी गाठ मूळची कोणती, हे तेव्हाच्या वैद्याला शेवटपर्यंत कळत नसे. त्याने त्या साऱ्या एका घरात बसवाव्यात हे साहजिकच होते.

या गाठींपैकी एका जातीविषयी मला आज बोलावयाचे आहे. लसिकाग्रंथींचा जो कर्करोग, ज्याला डॉक्टर 'लिम्फोमा' म्हणतात, तो शरीरात कोठे आहे, किती आहे आणि उपचारानंतर उरला आहे की गेला, हे शरीर न कापता पाहण्याचे जे उपाय गेल्या सव्वाशे वर्षांत निघाले, त्यांचा हा वृत्तांत आहे. विषय वैद्यकाचा असला तरी मी तो इतिहास म्हणून मांडणार आहे. त्याचे कारण असे की, भोरचा किंवा वेल्ह्याचा रुग्ण हातात जाडजूड फाइल घेऊन पुण्या-मुंबईस जातो, तेव्हा त्या फाइलीत क्ष-किरणांचे चित्र, सोनोग्राफी, सीटी आणि पेट असे चारपाच निरनिराळे कागद असतात, आणि घरच्या माणसांची समजूत अशी असते की हे सारे एकाच प्रश्नाचे उत्तर देतात. महागडे यंत्र बरोबर देते, स्वस्त यंत्र चुकत देते, एवढाच काय तो फरक. ही समजूत खरी नाही. प्रत्येक यंत्राने वेगळाच प्रश्न विचारला आहे, आणि तो कोणता, हे इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके जाहिरातीतून दिसत नाही.

लंडनच्या गाय रुग्णालयातील डॉ. टॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली सात रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या सर्वांच्या लसिकाग्रंथी आणि पाणथरी वाढलेल्या होत्या. १८६५ साली सॅम्युएल विल्क्स यांनी या रोगाला हॉजकिनचे नाव दिले. गंमत अशी की १९२६ साली त्या रुग्णालयाच्या संग्रहात जपून ठेवलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहण्यात आले, तेव्हा त्या सातांपैकी काहींचाच रोग खरोखर हा होता असे ठरले. खुद्द हॉजकिनच्या हातून जर गाठींची सरमिसळ झाली, तर आमच्या वैद्यांना दोष काय द्यावा? ही सरमिसळ सूक्ष्मदर्शकाने सोडविली. १८९८ साली व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी आणि १९०२ साली बाल्टिमोरच्या डॉरोथी रीड यांनी या रोगातील त्या विशिष्ट मोठ्या पेशींचे वर्णन केले. स्टर्नबर्ग यांना हा क्षयाचाच एक प्रकार वाटत होता; रीडबाईंनी तो क्षयाहून निराळा आहे असे ठामपणे सांगितले. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे शंभर वर्षांनी, जगातील अत्यंत महागड्या यंत्रासमोर, क्षयाचा हाच घोटाळा आपल्या देशात पुन्हा उभा राहणार आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे ती ही की, हा रोग आहे की नाही याचा निवाडा कोणतेही चित्र करीत नाही. तो निवाडा गाठीचा तुकडा किंवा सबंध गाठ काढून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो. चित्राचे काम त्यानंतर सुरू होते.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्झबर्ग येथे राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाच्या आत डोकावण्याचा मार्ग उघडला. या रोगाच्या बाबतीत एक चमत्कारिक योग असा की पाहण्याचे साधन आणि मारण्याचे साधन एकच निघाले. १९०२ साली शिकागोच्या विल्यम प्यूझी यांनी क्ष-किरणांच्या माऱ्याने या गाठी विरघळतात असे नमूद केले. गाठी विरघळत, रुग्ण सुखावे, आणि काही महिन्यांनी गाठी दुसरीकडे उठत. पुष्कळ वर्षे डॉक्टरांची अशी खात्री होती की हा रोग बरा होत नाही, फक्त लांबविता येतो. टोरांटोच्या डॉ. व्हेरा पीटर्स या बाईंनी १९५० साली जुने कागद चाळून दाखवून दिले की ज्यांचा रोग थोड्या जागेत होता आणि ज्यांना त्या जागेसह आसपासच्या ग्रंथींवरही भरपूर किरण दिले गेले, त्यांतील बरेचजण दहादहा वर्षांनंतरही जिवंत आहेत. म्हणजे रोग बरा होतो! पण अट अशी की तो कोठे कोठे आहे हे आधी अचूक कळले पाहिजे, कारण किरण जेथे पडतील तेथेच काम करतात. जेथे रोग आहे आणि किरण पडले नाहीत, ती जागा रुग्णाला मारणार. चित्राला जीवन-मरणाचे मोल आले ते येथून.

आणि क्ष-किरणांच्या साध्या चित्राची शक्ती येथेच संपत होती. फुप्फुसांत हवा असते. हवेच्या पार्श्वभूमीवर छातीच्या मध्यभागी वाढलेल्या गाठी सावलीसारख्या उठून दिसतात. पोटात सारेच मऊ मांस; तेथे एका अवयवाची सावली दुसऱ्यात मिसळून जाते. पाठीच्या कण्यालगत मोठ्या रक्तवाहिनीच्या दोहों बाजूंस लसिकाग्रंथींची जी रांग असते, ती त्या चित्रात दिसतच नाही.

आपल्याकडे याच सुमारास काय चालले होते? सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई या १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. हा रोग लिम्फोमाचा सख्खा भाऊच म्हणावयाचा. पुढल्याच वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या विश्वस्तांनी मुंबईस परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती, आणि गाठीचा तुकडा पाहून निवाडा करण्याची जी शिस्त मी मघाशी सांगितली, ती या देशात रुजविण्याचे पुष्कळसे श्रेय त्यांच्याकडे जाते. त्या वेळी भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते; ते मुंबई राज्यात विलीन झाले ८ मार्च १९४८ रोजी. म्हणजे १९४१ सालचा भोरचा रुग्ण परळला निघाला तर तो शब्दशः दुसऱ्या राज्यात जात होता. १९६२ साली ते रुग्णालय अणुशक्ती खात्याकडे आले, आणि १९६३ साली त्याच परिसरात अणुशक्ती खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. कर्करोगाचे रुग्णालय अणुशक्तीवाल्यांकडे कशाला, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. त्याचे उत्तर पुढे येईल.

पोटातील ग्रंथी दिसेनात, म्हणून जो उपाय निघाला तो ऐकण्यासारखा आहे. १९५२ साली लंडनचे शल्यविशारद जॉन किनमंथ यांनी जिवंत माणसाच्या लसिकावाहिन्या क्ष-किरणांत दाखविण्याची युक्ती काढली. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत निळा रंग टोचावयाचा. तो लसिकावाहिन्यांत चढला की पाऊलावर लहानसा छेद घेऊन दोऱ्याएवढी ती निळी नळी शोधावयाची, तीत केसासारखी बारीक सुई घालावयाची आणि क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य अगदी सावकाश आत सोडावयाचे. पुढे या कामासाठी जे तेल रूढ झाले ते खसखशीचे, आयोडीन मुरविलेले. एकदोन तास रुग्णाने निपचित पडून राहावयाचे. तेल थेंबाथेंबाने पायातून जांघेत, जांघेतून पोटात चढावयाचे. दुसऱ्या दिवशी चित्र काढले की कण्यालगतच्या ग्रंथी पांढऱ्याशुभ्र दिसत. काम किचकट, हात कसलेला हवा, फुप्फुसे अधू असलेल्यास धोका. पण या पद्धतीचा एक गुण तिच्या नंतरच्या यंत्रांनाही साधला नाही. ग्रंथी किती मोठी एवढेच ती सांगत नसे. ग्रंथीची आतली वीण बिघडली आहे का, हे ती दाखवी. आकाराने लहान परंतु आतून पोखरलेली ग्रंथी तीत पकडली जाई. शिवाय तेल महिनोन् महिने तेथेच राही, त्यामुळे नंतर पोटाचे साधे चित्र काढून ग्रंथी आटल्या की वाढल्या हे पाहता येई. पायाकडून वर चढणारा मार्ग ज्या ग्रंथींना लागतच नाही, त्या मात्र तिला कधी दिसल्या नाहीत. आतड्यांभोवतालच्या ग्रंथी, यकृताच्या मुळाशी असलेल्या, आणि पाणथरी या साऱ्या अंधारातच राहिल्या.

त्या अंधारावर अमेरिकेत, विशेषतः स्टॅनफर्ड येथे, १९६० नंतरच्या दशकात जो तोडगा काढण्यात आला तो आज क्रूर वाटतो. पोटच उघडून पाहावयाचे. पाणथरी काढावयाची, यकृताचे व ग्रंथींचे तुकडे घ्यावयाचे आणि मग ठरवावयाचे की रोग कोठवर गेला आहे. ही उपचाराची शस्त्रक्रिया नव्हे. केवळ नकाशा काढण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया! तिच्यातून एक मोलाचा धडा मिळाला: वरून साधी दिसणारी पाणथरी पुष्कळदा आतून रोगग्रस्त निघे आणि मोठी दिसणारी कधीकधी निर्मळ निघे. म्हणजे आकार हा रोगाचा विश्वासू साक्षीदार नाही. पण हे ज्ञान ज्याच्या पाणथरीतून मिळे, त्याला पुढे जन्मभर काही जंतूंच्या भयंकर संसर्गाची भीती लागून राही.

१९७१ साली अमेरिकेतील ॲन आर्बर या गावी तज्ज्ञांची बैठक होऊन रोगाच्या चार पायऱ्या ठरल्या. ग्रंथींच्या एकाच समूहात रोग असेल तर पहिली. श्वासपटलाच्या एकाच बाजूस दोन किंवा अधिक समूहांत असेल तर दुसरी. श्वासपटलाच्या वर आणि खाली दोहोंकडे असेल तर तिसरी. यकृत, हाडांचा मगज अशा ठिकाणी पसरला असेल तर चौथी. त्याबरोबर ताप, अंथरूण भिजेल असा रात्रीचा घाम, आणि सहा महिन्यांत दशांशाहून अधिक वजन घटणे, ही तीन लक्षणे आहेत की नाहीत, तेही नोंदवावयाचे ठरले. आता श्रोतेहो, ही तीन लक्षणे आपल्या तालुक्यातील कोणत्याही जाणत्या माणसाला सांगा. तो चटकन म्हणेल, हा क्षय.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात लंडनजवळच्या विंबल्डन येथील ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूचे चित्र सीटी यंत्राने काढण्यात आले. हे यंत्र घडविणारे गॉडफ्रे हौन्सफील्ड हे ई. एम. आय. कंपनीत नोकरीस होते. कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या तबकड्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांनी नाट्यगीते ऐकली, त्याच कंपनीचे हे घराणे. क्ष-किरण एका बाजूने न टाकता सर्व बाजूंनी फिरवून टाकावयाचे, प्रत्येक दिशेला किती किरण अडले ते मोजावयाचे, आणि गणकयंत्राने त्यावरून शरीराचा आडवा काप मांडावयाचा, ही त्यातली कल्पना. काकडीच्या चकत्या पाडल्याप्रमाणे माणसाचे काप डोळ्यांसमोर आले. काही वर्षांतच सबंध शरीराची यंत्रे निघाली, आणि १९७९ साली हौन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कण्यालगतच्या ग्रंथी, आतड्यांभोवतालच्या ग्रंथी, छातीतील ग्रंथी, सारे काही मिनिटांत दिसू लागले. पायातली निळी नळी शोधण्याचे कसब लयाला गेले. पोट उघडणेही थांबले. त्यात अर्थात नव्या औषधोपचारांचा वाटा मोठा होता, कारण औषध रक्तातून सर्वत्र जाते, त्याला किरणांइतका बारीक नकाशा लागत नाही.

पण सीटीचा प्रश्न होता 'केवढी?' आणि उत्तर मिलिमीटरांत. ग्रंथी दीड सेंटिमीटरहून लांब असेल तर संशयित, लहान असेल तर निर्दोष. पोट उघडून मिळालेला धडा, की आकार विश्वासू साक्षीदार नाही, तो सीटीच्या झगमगाटात मागे पडला. आणि खरी अडचण उपचारानंतर येऊ लागली. छातीत नारळाएवढी गाठ असलेला तरुण औषधांनी ठणठणीत झाला, वजन भरले, ताप गेला. सीटीत मात्र लिंबाएवढी सावली शिल्लक! हे रोगाचे अवशेष आहेत, की जळून गेलेल्या रानात उरलेली खुंटे? सीटीला दोन्ही सारखीच दिसतात. डॉक्टरने पुन्हा औषधे द्यावीत तर निरोग्यास विष दिल्याचे पाप. न द्यावीत तर रोग्यास सोडून दिल्याचे.

या कोड्याचा जो पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो तो परळचाच आहे. १९९३ ते १९९६ या काळात टाटा रुग्णालयात हॉजकिनच्या २५१ रुग्णांना औषधांचे सहा फेरे देण्यात आले. त्यांत लहान मुलेही होती. १७९ जणांचा रोग पूर्ण गेला असा निर्वाळा मिळाला. मग या १७९ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला आणखी किरणोपचार दिले, दुसऱ्याला काहीच दिले नाही. आठ वर्षांचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. किरण घेतलेल्यांपैकी शंभर टक्के जिवंत, न घेतलेल्यांपैकी ८९ टक्के. रोग न उलटता राहिलेले ८८ टक्के आणि ७६ टक्के. ध्यानात घ्या, हे सारे 'रोग पूर्ण गेला' म्हणून सांगितलेले रुग्ण होते. म्हणजे काहींच्या अंगात तो दडून बसला होता आणि तेव्हाच्या डोळ्यांना तो दिसत नव्हता. परदेशी टीकाकार पुढे म्हणाले की त्या चाचणीत पेट स्कॅन नव्हता. टीका रास्त, पण त्या वर्षांत पेटचे यंत्र भारतातच नव्हते! तेव्हाच्या साधनांत त्यांनी जे सिद्ध केले ते मोठ्या प्रामाणिकपणाचे काम होते, असे माझे मत आहे.

उरलेली गाठ जिवंत आहे की मेलेली, हा प्रश्न विचारण्याचा पहिला प्रयत्न योगायोगाने झाला. १९६९ साली अमेरिकेतील ओक रिज येथे एडवर्ड्स आणि हेज हे दोघे गॅलियम या धातूचे किरणोत्सर्गी रूप हाडांच्या चित्रासाठी वापरून पाहत होते. हॉजकिनच्या एका रुग्णाच्या चित्रात हाडांऐवजी मानेतल्या गाठीच चमकल्या. गॅलियमची पद्धत पुढे वीसपंचवीस वर्षे वापरात राहिली. मेलेली गाठ ते घेत नसे, जिवंत गाठ घेई. पण चित्रासाठी दोनतीन दिवस थांबावे लागे, चित्र पुसट येई, लहान गाठी निसटत, आणि आतड्यातही ते द्रव्य उतरत असल्यामुळे पोटातले चित्र वाचणे कठीण जाई.

पेटची कल्पना याहून सोपी आहे. कर्कपेशी अधाशी असतात, त्या साखर फार खातात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले होते. तेव्हा साखरेच्या कणाला किरणोत्सर्गी फ्लुओरिनची खूण बांधून ती शिरेतून द्यावी; पेशी ती साखर म्हणून आत घेतील, पण खुणेमुळे ती त्यांना पचणार नाही आणि आतच अडकून राहील. मग त्या खुणेतून निघणारे किरण बाहेर गोल मांडलेल्या शोधकांनी पकडावे. ही खुणेची साखर माणसाला प्रथम दिली गेली १९७६ साली, फिलाडेल्फियात. पण चित्रात नुसते ठिपके चमकत. ठिपका कोणत्या अवयवात, हे कळेना. १९९८ साली पिट्सबर्ग येथे टाउनसेंड आणि नट यांच्या यंत्रात पेट आणि सीटी एकाच नळीत आले. सीटी म्हणे, येथे दोन सेंटिमीटरची गाठ आहे. पेट म्हणे, ती जिवंत आहे. दोन साक्षीदार एकाच वेळी बोलू लागले.

आता मघाच्या अणुशक्तीच्या प्रश्नाकडे येऊ. हा किरणोत्सर्गी फ्लुओरिन निसर्गात मिळत नाही; सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात तो घडवावा लागतो, आणि ११० मिनिटांत तो निम्मा होतो. मुंबईस घडविलेले द्रव्य पावणेचार तासांनी पुण्यास पोचले तर चौथाई उरले. बर्फाच्या लादीसारखा हा व्यापार आहे. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिले पेट यंत्र सुरू झाले. २००४ साली टाटा रुग्णालयात पेट-सीटी आले. पुढे पुण्यातही ही सोय झाली. वेल्ह्याहून चेलाडी फाट्यावरून स्वारगेटला यावयास एस. टी.ला जो दीडदोन तासांचा वेळ लागतो, जवळजवळ तेवढ्यातच ते औषध निम्मे होते. म्हणून ठरलेल्या वेळी रुग्ण हजर नसला तर ते त्याच्यासाठी थांबत नाही. या एकाच बाबतीत एस. टी. चुकणे आणि औषध चुकणे सारखे आहे.

आपल्या डोंगरी मुलखातल्या माणसाला आणखी दोन गोष्टी माहीत पाहिजेत. काम करणारे स्नायूही साखर खातात. तोरण्याच्या कुशीतल्या एखाद्या वाडीवरून भल्या पहाटे तासभर चालून जो गाडी पकडतो, त्याच्या मांड्या आणि पोटऱ्या चित्रात चमकतात आणि गाठीच्या वाट्याची साखर कमी पडते. म्हणून आदल्या दिवसापासून कष्टाचे काम करावयाचे नाही, सहाएक तास उपाशी राहावयाचे, आणि मधुमेह असल्यास तसे आधी सांगावयाचे. दुसरी गोष्ट थंडीची. शरीरात ऊब निर्माण करणारी एक तपकिरी चरबी असते. ती मानेत आणि गळपट्टीच्या हाडावर असते, म्हणजे नेमकी लिम्फोमाच्या गाठी जेथे असतात तेथेच. माणूस, विशेषतः तरुण आणि सडपातळ माणूस, गारठला की ती चरबी पेटते आणि साखर ओढते. पेट एकटे होते तोवर या ठिपक्यांनी अनेकांना फसविले. सीटीची जोड मिळाल्यावर तेथे गाठ नसून चरबी आहे हे कळू लागले. तरी पौषात उघड्या जीपमधून पुण्यास जाणाऱ्याने कानटोपी आणि घोंगडी घेतलेली बरी. हा सल्ला कोणत्याही ग्रंथातल्याइतकाच शास्त्रीय आहे!

ठिपका किती तेजस्वी म्हणजे रोग, हे ठरविण्यासाठी २००९ साली फ्रान्समधील दोव्हिल येथे पाच अंकांची मोजपट्टी ठरली. तिची युक्ती मला फार आवडते. तुलना करावयाची ती रुग्णाच्या स्वतःच्याच यकृताशी. गाठ यकृतापेक्षा फिकी किंवा तेवढीच असेल तर अंक एक ते तीन, आणि बहुधा निश्चिंती. यकृताहून तेजस्वी असेल तर चार किंवा पाच. स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे ठरलेले आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेले नियम याच मोजपट्टीवर उभे आहेत. मात्र साखर कमी खाणाऱ्या काही सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमांसाठी त्यांनी सीटीच कायम ठेविला आहे. हॉजकिनच्या रुग्णांची कमरेच्या हाडात सुई घालून मगज काढण्याची सक्तीही या नियमांनी बहुतांशी उठविली.

या डोळ्याने काय साधले? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत रोग वाढलेल्या हॉजकिनच्या रुग्णांचे दोन फेऱ्यांनंतरच पेट स्कॅन करण्यात आले. शंभरातील सुमारे ८४ जणांचा स्कॅन निर्मळ आला. त्यांपैकी निम्म्यांचे ब्लिओमायसिन, म्हणजे फुप्फुसांना जाच करणारे औषध, बंद केले. तीन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखी होती, ८५.७ आणि ८४.४ टक्के. म्हणजे पेटचा उपयोग औषध वाढविण्याइतकाच ते कमी करण्यासाठी आहे. वीस वर्षांच्या मुलीच्या छातीवर किरण टाकले तर चाळिशीत तिला स्तनाचा कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचा धोका असतो. तिला ते टाळता येतील का, हा प्रश्न आता निदान विचारता तरी येतो.

पण पेटचा प्रश्न 'साखर कोण खातो?' एवढाच आहे. क्षयाच्या गाठीतल्या झुंजणाऱ्या पेशीही साखर खातात. विलायतेत चमकणारी मानेतली गाठ बहुधा लिम्फोमाची. आपल्याकडे ती क्षयाचीही असू शकते, आणि उपचाराने दुबळ्या झालेल्या रुग्णात तर दोन्ही एकत्र असू शकतात. १९०२ साली डॉरोथी रीड यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जो भेद केला, तो पेटला करता येत नाही. नवा ठिपका दिसला की पुन्हा सुई, पुन्हा तुकडा, पुन्हा सूक्ष्मदर्शक. उलट, गाठीचा तुकडा न पाहता नुसत्या अंदाजाने क्षयाच्या गोळ्या महिनोन् महिने चालू ठेवणे, हा आपल्याकडचा जुना प्रकार पहिल्या पायरीचा रोग तिसरीवर नेतो.

एम. आर. आय.बद्दल थोडक्यात सांगतो. त्यात क्ष-किरण नसतात, म्हणून मुलांच्या बाबतीत त्याकडे आशेने पाहिले जाते. मेंदूतल्या लिम्फोमासाठी तर तोच उत्तम, कारण मेंदू स्वतःच इतकी साखर खातो की पेटमध्ये तो सबंध उजळलेला असतो. सोनोग्राफी मात्र कमी लेखू नये. ती तालुक्याच्या जवळपास होते, मानेतल्या गाठीचा आकार आणि घडण दाखविते, आणि तिच्याच नजरेखाली सुई नेमकी गाठीत घालता येते. पोटातील खोल ग्रंथींपाशी तिची दृष्टी वायूने अडते, आणि ती बऱ्याच अंशी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, हे तिचे उणेपण.

अखेर एक व्यवहाराची गोष्ट. रोग गेल्यावर दर सहा महिन्यांनी पेट काढावे, असा आग्रह नातेवाईक धरतात. लुगानोचे नियम याच्या विरुद्ध आहेत. लक्षण नसता काढलेल्या स्कॅनमध्ये खोटे ठिपके निघतात, आणि त्यांच्या पाठीमागे सुया, खर्च व जागरणे. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी, रुग्णाची मान, काखा, जांघा आणि पाणथरी बोटांनी तपासावयाची, वजन पाहावयाचे, ताप-घाम विचारावयाचा, रक्त तपासावयाचे. यातले बहुतेक काम भोरच्या किंवा नसरापूरच्या डॉक्टरला आपल्या दवाखान्यात करता येते. त्याच्यापाशी फक्त मुंबई-पुण्याच्या शेवटच्या अहवालाची प्रत असली पाहिजे, आणि त्या प्रतीवर दोव्हिलचा अंक स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे.